परतीच्या गाडीत काय?



साखरेच्या दाण्यात माती नसते. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात, चौथे काही नसते. कार्बन उसाच्या पानांनी हवेतून घेतलेला असतो, हायड्रोजन पाण्यातून आलेला असतो आणि ही सगळी जोडणी उन्हाच्या ताकदीवर झालेली असते. इथेनॉलचेही तसेच. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून कारखाना जी वीज विकतो, तीही पानांनी साठवलेल्या उन्हाचीच. म्हणजे साखर, इथेनॉल आणि वीज या तीन मुख्य मालांच्या रूपाने कारखान्याच्या दारातून जे बाहेर जाते, त्यात जमिनीचा पालाश नाही, स्फुरद नाही, नत्र नाही.

मग मुळांनी जमिनीतून वर्षभर ओढून घेतलेले हे सगळे जाते कुठे? ते बहुतेक कारखान्यातच मागे राहते. रस गाळून उरलेल्या प्रेसमडमध्ये, साखर काढून उरलेल्या मोलॅसिसमध्ये, बॉयलरच्या राखेत. विकण्याचा माल हवा, पाणी आणि उन्हाचा, आणि जमिनीचे जे काही आहे ते बहुतेक उरलेल्या पदार्थांत, अशी सोय निसर्गाने फार थोड्या उद्योगांना करून दिली आहे. गहू विकला की जमिनीचा नत्र आणि स्फुरद दाण्याबरोबर शहरात जातो आणि परत येत नाही. साखरेचे तसे नाही.

आपला सोलापूर जिल्हा तिसाहून अधिक साखर कारखान्यांचा. म्हणून आजचा विषय मी इथूनच उभा करणार आहे. उद्योगाने नुकसान कमी केले की त्याचे काम संपले, असे आपण गेली काही वर्षे धरून चाललो आहोत. सांडपाणी शुद्ध केले, धुराड्याला गाळणी बसवली, सौरऊर्जेची पाटी लावली की अहवालात ‘शाश्वत विकास’ हे प्रकरण पूर्ण होते. जगात आता त्यापुढचा प्रश्न विचारला जातो आहे. ज्या जमिनीवर, पाण्यावर आणि माणसांवर उद्योग उभा आहे, ती उद्योगामुळे पहिल्यापेक्षा सुधारली का? याला पुनरुज्जीवक उद्योग असे नाव पडले आहे. माझे म्हणणे असे आहे की, हे करून दाखवण्याची सर्वांत मोठी संधी आपल्या साखर कारखान्यांच्या हातात आहे आणि ती आपण रोज वाया घालवतो आहोत.

आधी हिशेब. हंगामात १० लाख टन गाळप करणारा एक कारखाना धरा. त्यातून साधारण एक लाख टन साखर निघते. बगॅस निघते पावणेतीन ते तीन लाख टन. प्रेसमड ३० ते ४० हजार टन, मोलॅसिस सुमारे ४० हजार टन. उसाच्या टनामागे ढोबळ मानाने दीड ते दोन किलो पालाश शेतातून निघतो असे धरले, तर एका हंगामात या एका कारखान्याच्या गव्हाणीतून दीड-दोन हजार टन पालाश आत जातो. आपल्या देशात पालाशयुक्त खत जवळजवळ सगळे बाहेरून येते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून जहाजाने आणलेले ते खत शेतकरी पिशवीने विकत घेतो, उसाला घालतो, ऊस कारखान्याला देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा दुकानात जातो.

उसाने भरलेली गाडी शेतातून कारखान्यावर जाते. काट्यावर वजन होते, गव्हाणीत ऊस रिकामा होतो आणि गाडी परत फिरते. ट्रक असो, ट्रॅक्टरची जोडट्रॉली असो की टायरची बैलगाडी असो, बहुतेक वेळा ती परतताना रिकामी असते. या परतीच्या गाडीत काय असायला हवे होते आणि ते कुठे गेले, हाच माझ्या व्याख्यानाचा विषय.

राख बहुतेक ठिकाणी वीटभट्टीला जाते. प्रेसमड पूर्वी सभासदांच्या शेतात जायचा, अजूनही काही जातो. पण २०१८ नंतर केंद्र सरकारच्या योजनेमुळे प्रेसमडपासून बायोगॅस करणाऱ्या प्रकल्पांची मागणी वाढली आणि जो पदार्थ उचलून न्या म्हणून सांगावे लागायचे त्याला भाव आला. गॅस करायला माझा विरोध नाही. गॅस म्हणजे मिथेन, त्यात पुन्हा कार्बन आणि हायड्रोजनच आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश टाकीतल्या उरलेल्या रबडीत शिल्लक राहतात. प्रश्न इतकाच की ती रबडी कोणाच्या शेतात जाते. गॅस प्रकल्पाशी करार करताना ‘उरलेले खत सभासदांच्या शेतात परत’ ही एक ओळ करारात घातली तर गॅसही मिळतो आणि खतही राहते. ती ओळ नसेल तर प्रेसमडच्या टनामागे मिळालेल्या पैशात आपण जमीनच थोडी थोडी विकतो आहोत.

स्पेंटवॉशची गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल करताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी, उग्र वासाचे हे पाणी ओढ्यात शिरले की मासे मरतात, विहिरी खराब होतात. आसवनीशेजारच्या गावांनी हे भोगलेले आहे. त्यावर कायद्याने ‘शून्य विसर्ग’ सक्तीचा केला, बाहेर थेंबही सोडायचा नाही. हे अत्यंत योग्य झाले आणि त्याची अंमलबजावणी आणखी कडक व्हायला हवी. पण शून्य विसर्ग दोन रीतींनी साधता येतो. स्पेंटवॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळायचा, किंवा तो प्रेसमडवर टप्प्याटप्प्याने शिंपून, यंत्राने उलथापालथ करून त्याचे कंपोस्ट करायचे. जाळला तर पालाश राखेत राहतो, पण सेंद्रिय पदार्थ आणि नत्र धुराड्यातून निघून जातात. कंपोस्ट केले तर सेंद्रिय पदार्थाचा मोठा भाग शेतापर्यंत पोहोचतो. अर्थात कंपोस्टचे अंगण पक्के नसेल आणि पावसाळ्यात पाणी झिरपले, तर तीच रीत विहिरींचा घात करते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दृष्टीने जाळणारा आणि कंपोस्ट करणारा, दोन्ही कारखाने सारखेच उत्तीर्ण. नदीच्या दृष्टीनेही कदाचित सारखेच. जमिनीच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मोजणारा रकाना आपल्या कोणत्याही अहवालात नाही. नुकसान थांबवणे आणि जमीन सुधारणे यांतला फरक मला याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही.

जाळलेल्या स्पेंटवॉशच्या राखेतून पालाशयुक्त खत तयार होते. २०२१मध्ये केंद्राने त्याला अनुदानित खतांच्या यादीत घेतले. चांगले पाऊल आहे. परदेशातून येणारा पालाश तेवढा कमी होईल. पण ती पिशवी माढ्याच्या किंवा मोहोळच्या उसातून निघालेली आणि गेली दुसऱ्या राज्यात, असे होऊ शकते. माझी अपेक्षा आहे की आपल्या कारखान्यांनी आधी आपल्या गटातल्या गावांचा हक्क मानावा.

ही परतफेडीची कल्पना परदेशातून आलेली आहे असे कोणाला वाटत असेल तर एक पुस्तक आठवा. १९३१मध्ये इंदूरला केलेल्या कामावर शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा याविषयीचे एक पुस्तक ऑक्सफर्डने छापले. अल्बर्ट हॉवर्ड हे त्याचे लेखक म्हणून जगभर ओळखले जातात. मुखपृष्ठावर दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. आज ज्या सेंद्रिय आणि पुनरुज्जीवक शेतीचे दाखले अमेरिकेतून येतात, तिच्या मुळाशी इंदूरची ती कंपोस्ट पद्धत आहे, आणि हॉवर्ड यांनी स्वतः मान्य केले होते की इथल्या शेतकऱ्यांकडून ते पुष्कळ शिकले. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत, हे तत्त्व त्यांनी पुढे आयुष्यभर मांडले. वाड यांचे नाव मात्र आपण विसरलो. कृषी महाविद्यालयांतल्या मुलांना तरी ते ठाऊक असावे.

आता शेताच्या बांधावर येऊ. तोडणी झाल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट मागे राहते. संध्याकाळी पंढरपूर-अकलूज रस्त्याने गेलात तर हंगामात ते जळताना दिसते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पाचटात उंदीर होतात, पाणी सरीतून पुढे सरकत नाही, खोडव्याचे बुडखे छाटायला मजूर लागतो आणि मजूर मिळत नाही. कुठे तोडणीची टोळीच उभा फड पेटवून तोड करते, कारण पाला काढायचा वेळ वाचतो. उपाय माहीत नाहीत असेही नाही. सरीआड सरी पाचट ठेवा, कुट्टी करा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाका, ही शिफारस वर्षानुवर्षे छापून येते. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी नांगरटीशिवाय, मुळे आणि बुडखे जमिनीतच ठेवून ऊस कसा घेता येतो हे आपल्या शेतात दाखवले आणि त्यावर मराठीत लिहिले.

तरी पाचट जळते. कारण त्याचा खर्च आज पडतो आणि फायदा हळूहळू येतो. किती हळू, तेही सांगतो. एका हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो. तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर दोन टनांहून थोडा अधिक कर्ब टिकून राहायला हवा. १० टन पाचटात कर्ब असतो सुमारे ४ टन, पण कुजताना त्यातला बराचसा हवेत परत जातो. दहावा ते पाचवा हिस्सा टिकला तरी खूप. म्हणजे एकही वर्ष न चुकता पाचट राखले तर ०.१ टक्का वाढायला तीन ते साडेपाच वर्षे, आणि आपल्या उन्हात बहुधा त्याहून जास्त. आपल्या कित्येक जमिनी आज अर्ध्या टक्क्याच्या खाली आहेत. दोन वर्षांत जमीन सोन्यासारखी करून देतो म्हणणाऱ्या बाटलीवाल्यांपासून सावध राहा, एवढे मी कळकळीने सांगेन.

इतक्या सावकाश येणाऱ्या फायद्याची वाट एकटा शेतकरी पाहू शकत नाही. कारखाना पाहू शकतो. त्याला पुढची तीस वर्षे याच गावांतून ऊस हवा आहे. त्याच्याकडे शेतकी अधिकारी आहेत, गट कार्यालये आहेत, प्रत्येक गावात चिटबॉय आहे, लागणीची नोंद सर्व्हे नंबरसह आहे. इतकी तपशीलवार यंत्रणा क्वचितच कोणाकडे असेल. ही यंत्रणा आज फक्त तोडणीचा कार्यक्रम लावते. तीच माणसे कुट्टी यंत्राचा कार्यक्रम लावू शकतात.

सहकारी कारखान्यात तर आणखी एक गोष्ट आहे. ऊस पुरवणारा, कारखान्याचा मालक आणि जमिनीचा धनी हा एकच माणूस आहे. १९५०च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कारखान्याने पहिला हंगाम सुरू केला, तेव्हा सावकार आणि दलालाच्या हातातून शेतकऱ्याचा फायदा सोडवणे हे ध्येय होते. ते फार मोठे काम होते. आपल्याकडे माळीनगरला तर त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभा केला. त्या पिढीने शेअर, ठेव, कर्ज यांचे ताळेबंद शिकून घेतले. आताच्या पिढीला जमिनीचा ताळेबंद मांडावा लागेल.

आणि आता पाणी. इथे मला सर्वांत अप्रिय बोलायचे आहे.

उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. रस आटवताना निघालेले हे पाणी पुन्हा वापरून आपण नदीचे पाणी घेत नाही, असे काही कारखाने अभिमानाने सांगतात. अभिमान रास्त आहे. १० लाख टन उसातले हे पाणी सुमारे ७० कोटी लिटर, म्हणजे ०.०२५ टीएमसी. पण तोच ऊस पिकवायला किती लागले? हेक्टरी ९० टन उतारा धरला तर ११ हजार हेक्टर क्षेत्र. पिकाला दोन मीटर पाणी धरले, तर सुमारे पावणेआठ टीएमसी. आपला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस सगळाच्या सगळा मुळाशी मुरला असे मानून वजा केला, तरी साडेपाच टीएमसी कालव्यातून, नदीतून आणि विहिरींतून आले. कारखान्याने वाचवलेले पाणी त्याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी आहे. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. म्हणजे एका कारखान्याच्या एका हंगामाचा ऊस उजनीच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी घेतो. जिल्ह्यात कारखाने किती, ते मी आधीच सांगितले.

म्हणून प्रेसमड, राख, पाचट सगळे परत दिले तरी पाण्याचा हा हिशेब सुटत नाही. ठिबकने पाणी पुष्कळ वाचते. २०१७मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही घेतला. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या एकरात आणखी ऊस लागला तर धरणाला काहीच वाचले नाही.

उसाच्या पाण्याला मर्यादा हवी, हे नवे ज्ञान नाही. नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांतच त्याच्या काठच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. १९१०मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला. त्याच काळात विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. उसाला ब्लॉकच्या ठरावीक भागातच पाणी, उरलेले इतर पिकांना, आणि कालव्याचा लाभ अधिक गावांना. ती पद्धत मोडत गेली, कारण ऊस वाढवणाऱ्यांची ताकद वाढत गेली. १९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक कारखानदार अभियंता, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथे पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा हक्क माणशी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. गेज बनवणाऱ्या एका उद्योजकाने हे केले, हे या विषयात मला फार मोलाचे वाटते. त्यांनी कारखान्याच्या आवारात झाडे लावून समाधान मानले नाही.

सोलापुरात उसाला मनाई करा असे मी म्हणत नाही. पण ज्या कारखान्याला पुनरुज्जीवक म्हणवून घ्यायचे आहे, त्याने आपली गाळपक्षमता वाढवण्याआधी आपल्या कार्यक्षेत्रातल्या पाण्याचा हिशेब सभेपुढे मांडावा. त्या हिशेबात ज्वारीलाही जागा असावी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेली मालदांडी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. दाणा माणसाला, कडबा जनावराला, शेण पुन्हा रानाला. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण इतक्या दशकांनंतरही टिकून आहे. १९३३पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. ओल कशी धरावी यावरचे इतके ज्ञान आपल्याच शहरात आहे आणि आपले उद्योग त्याच्याकडे फिरकत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

माणसांबद्दल थोडक्यात बोलतो, पण ते महत्त्वाने कमी आहे म्हणून नव्हे. मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्या कोयत्यावर आपला हंगाम पार पाडतात. २०१९मध्ये राज्याच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा झाला तर मुकादमाचा दंड, खोपटात न्हाणी नाही, पाणी नाही. जमिनीचा कस परत देण्याच्या गोष्टी करणारा उद्योग या बायकांचे शरीर झिजवून चालत असेल तर त्याचा कोणताही ताळेबंद मला मान्य नाही. वस्तीवर पाणी, संडास, दवाखाना आणि खाड्याचा दंड बंद, हे इथेनॉलच्या प्रकल्पाआधी यायला हवे.

शहरातल्या कापड उद्योगाकडे वळलो तर सोलापूरला एक जुना धडा आहे. १८७७च्या सुमारास उभी राहिलेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा कामगारांच्या हातात आणि शहराच्या पदरात काय उरले हे पूर्व भागातल्या घरांना विचारा. आज चादर आणि टॉवेलचे यंत्रमाग चालतात, रंगाईचे पाणी निघते, चिंध्या निघतात. अमेरिकेतल्या इंटरफेस या गालिचांच्या कंपनीने १९९४मध्ये रे अँडरसन यांच्या पुढाकाराने २०२०पर्यंत आपला दुष्परिणाम शून्यावर आणायचे ठरवले आणि २०१६मध्ये त्यापुढचे, हवामान सुधारण्याचे ध्येय घेतले. मोठी कंपनी हे एकटी करू शकते. आपल्या छोट्या मागधारकांना ते एकत्र येऊनच, सामाईक रंगपाणी प्रकल्प आणि सुताच्या पुनर्वापराच्या सामाईक सोयीतूनच जमेल. त्यावर वेगळे व्याख्यान व्हावे, ते इथल्याच एखाद्या कारखानदाराने द्यावे.

मी साखरेपुरते काय मागतो ते सांगून थांबतो. कारखान्याने सुरुवातीला एकच गट निवडावा, आठ-दहा गावांचा. त्या गावांतल्या ऊस क्षेत्राचे मातीचे नमुने खोडवा मोडल्यावर, मशागतीपूर्वी घ्यावेत आणि दर तीन वर्षांनी त्याच जागेवरून पुन्हा घ्यावेत. सेंद्रिय कर्ब, क्षारता आणि पालाश, एवढे तीन आकडे पुरेत. त्या गटातून आलेल्या प्रत्येक गाडीच्या परतीला कंपोस्ट किंवा गॅस प्रकल्पाची रबडी द्यावी आणि तिची नोंद उसाच्या वजनाच्या पावतीवरच व्हावी. पाचट न जाळणाऱ्याला टनामागे वेगळा दर द्यावा. आज दर ठरतो साखरेच्या उताऱ्यावर, १०.२५ टक्क्यांच्या पायावर. त्यात जमिनीसाठी एक रकाना वाढवावा. गावनिहाय विहिरींची पाणीपातळी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मोजून फलकावर लावावी.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. अहवालात गाळप, उतारा, साखर, वीज, इथेनॉल यांची पाने असतील. सभासदांनी उभे राहून विचारावे की यंदा आपल्या गावांतून किती पालाश कारखान्यात आला आणि त्यातला किती परत गेला. पहिल्या वर्षी कोणाकडे उत्तर नसेल. आकडा काढून पुढच्या अहवालात छापण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा, आणि त्याला अनुमोदन द्यायला शेजारच्या गावातला एक माणूस आधी तयार ठेवावा.